बस मग इथेच

आधीच सांगते, हे वाचून "छान रंगवलंय" असं कुणी म्हणू नका. मी रंगवत नाहीये. मी कबुली देतेय, आणि तीही चार वर्षं उशिरा देतेय.

तारीख सहा डिसेंबर २०१४. शनिवार. वेळ दुपारी चार वाजून सात मिनिटं.

मध्यरात्र नव्हती, अमावास्या नव्हती. उलट त्या दिवशी पौर्णिमा होती, दत्तजयंती. सासूबाईंनी सकाळी आमच्या ड्रेस्डेनच्या फ्लॅटमध्ये तसबिरीला हार घातला होता, सुंठवडा केला होता, आणि त्यातला थोडा डबीत भरून पर्समध्ये ठेवला होता.

जागा म्हणजे ड्रेस्डेनच्या पूर्वेला, पोलंडच्या बाजूला, एका खेड्यातलं जुनं जमीनदाराचं घर. गावाचं नाव लिहिणार नाही. तुमच्यातलं कुणीतरी उत्साही निघेलच बघायला. ओळखते मी तुम्हा लोकांना.

मी अपूर्वा. पुण्यात आर्किटेक्चर केलं आणि लग्न करून जर्मनीत येऊन बसले. नवरा सिद्धांत तिथल्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मुलगी इरा तेव्हा सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. मला ती तिकडच्या मुलांसारखी, आई या अर्थी 'मामा' म्हणायची आणि सांगलीला अख्खं घर त्यावर हसायचं. सासूबाई, यमुनाबाई, तीन महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या.

आमचं दोघींचं जमायचं. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. माझं तोंड.

मी चिडले की वाट्टेल ते बोलते. वॉशिंग मशीन अडलं तरी "मर एकदाची" म्हणून मोकळी होते. की लगेच स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अगं, शुभ बोल. वास्तू तथास्तु म्हणत असते."

तुमच्याही घरी कुणीतरी म्हणत असेल हे. घर ऐकत असतं, आणि आपण जे बोलू त्याला 'तसंच होवो' म्हणतं. मी हसण्यावारी न्यायचे.

आता नेत नाही.

त्या शनिवारी सिद्धांतला ड्यूटी होती. ते घर मला कधीचं बघायचं होतं, म्हणून मी दोघींना घेऊन आधी ट्रेनने आणि मग बसने तिथे गेले. तिथे असल्या घराला गुट्सहाउस म्हणतात. अंगणात ख्रिसमसचा छोटा बाजार भरला होता. दहाबारा टपऱ्या, भाजलेल्या बदामांचा वास, पायाखाली करकरीत बर्फ.

घर समोरून बघाल तर डोळे निवतात. पांढरे उंच खांब, दोन्ही बाजूंनी वर जाणारा दगडी जिना, एका रेषेत अकरा खिडक्या. सगळं पाहुण्यांसाठी. मागून बघाल तर एकच बुटकं दार, लोखंडी पट्ट्या मारलेलं.

घर दाखवायला फ्राऊ नोआक होत्या. साठीच्या, सडपातळ, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. शेवटच्या फेरीला आम्ही तिघीच. लाकडी जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांनी आम्हाला बुटांवरून घालायला जाड नमद्याचे सपाते दिले. एका लाकडी पेटीत ते जोडीजोडीने रचून ठेवलेले होते.

"चोवीस जोड आहेत," फ्राऊ नोआक म्हणाल्या. "जाताना मी मोजून घेते."

इराला तर घबाडच मिळालं. ती त्या गुळगुळीत जमिनीवरून सर्र सर्र घसरत सुटली. बाहेर पडेपर्यंत तोच आवाज आमच्या पुढेमागे होता. सर्र... सर्र...

मी मात्र भिंती बघत होते. सवय जात नाही. एका दालनातून दुसऱ्यात जाताना मी चौकटीत हात पसरून अंदाज घेतला. भिंत जवळजवळ पाच फूट जाड. एवढी जाड भिंत कशाला? आणि प्रत्येक दालनात छताला टेकलेली पांढऱ्या फरश्यांची उंच शेगडी होती, पण एकाही शेगडीला लाकडं घालायला तोंड नव्हतं.

"मग पेटवत कुठून?" मी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राऊ नोआक खूश झाल्या. त्यांनी भिंतीवरच्या फुलाफुलांच्या कागदाला बोट लावलं. कागदासकट भिंतीचा एक तुकडा आत उघडला. दारच होतं ते, पण भिंतीसारखं सजवलेलं. आत अंधारी, चिंचोळी बोळ.

सगळ्या घरभर भिंतींच्या पोटातून अशी बोळ फिरत होती. शेगड्यांची तोंडं आतल्या बाजूला होती. नोकर आतून लाकडं सारायचे. मालकांना ऊब मिळायची, पण ऊब देणारा कधी दिसायचा नाही.

"एवढ्याशा जागेत माणूस मावायचा?" मी विचारलं.

"माणूस नाही मावत. मुलं मावतात," फ्राऊ नोआक म्हणाल्या.

मी सासूबाईंना एकेक वाक्य मराठीत सांगत होते. त्या दाराशी वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या.

फेरी मागच्या खोलीत संपली. नोकरांची खोली. लोखंडी पट्ट्यांचं दार इथेच. भिंतीला लागून एक बुटकं, काळपट बाक होतं, त्याच्यापुढे दोरी बांधलेली. यावर कृपया बसू नये.

फ्राऊ नोआकनी सांगितलं ते असं. जमीन मालकाची, झोपड्या मालकाच्या, आणि कुळांची पोरंही मालकाचीच. दर घरातलं एक मूल या घरात राबायला द्यावं लागायचं. हिवाळा लागला की आईबाप मुलाला या मागच्या दाराने आणायचे. बाकावर बसवायचे. "तू इथेच राहा" एवढंच बोलायचं आणि मागे न बघता निघून जायचं. कागद नाही, सही नाही. बोललं की झालं. त्यानंतर आईने येऊन कितीही रडून मागितलं तरी मूल परत मिळत नसे. दुसरं कुणीतरी बाकावर येऊन बसेल तेव्हाच पहिल्याची सुटका.

"म्हणजे आपली वेठबिगारच की गं," सासूबाई म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि सगळ्यात शेवटचं मूल? त्याच्यानंतर कुणी आलंच नसेल ना?"

फ्राऊ नोआकनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"आल्झो... म्हणजे, त्यापुढचे कागद नाहीत." मग त्या वरच्या मजल्यावरचे दिवे बंद करायला गेल्या.

चार वाजत आले होते. डिसेंबरात तिकडे चारला दिवेलागण होते. बस चार चाळीसची, ती चुकली तर पुढची दोन तासांनी. मी माझे सपाते काढून पेटीत टाकले. सासूबाईंचे गुडघे लवकर वाकत नाहीत, त्या तशाच सपाते घालून दाराशी खुर्चीवर टेकल्या होत्या.

इराने ऐकायचं नाव घेतलं नाही.

सपाते काढणार नाही. कोट घालणार नाही. घरी येणार नाही. मी बर्फात भिजलेले तिचे बूट मघाशी काढून ठेवले होते, ते हातात घेऊन मी तिच्या मागे पळत होते, आणि ती दोरीखालून शिरून त्या बाकावर जाऊन बसली. हाताची घडी. ओठ बाहेर.

"इरा, उठ. त्याच्यावर बसायचं नाही."

"नाइन." नाही म्हणजे नाही.

दिवसभराचा प्रवास, थंडी, चुकणारी बस. माझं डोकं सटकलं. मी तिचे बूट बाकाखाली आपटले आणि बोलले. तुम्ही पण बोलला आहात हे आयुष्यात शंभर वेळा. दुकानात, बागेत, लग्नाच्या हॉलमध्ये. आपल्यात पोरं हटून बसली की प्रत्येक आई हेच बोलते.

"बस मग इथेच. राहा इथेच कायमची. आम्ही चाललो."

खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "अपूर्वा, असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

आणि मी, शहाणी मी, काय म्हणाले माहितीये? "आई, हे जर्मन घर आहे. याला मराठी येत नाही."

मी सासूबाईंना हाताला धरून उठवलं, दार उघडलं, आणि आम्ही बाहेर गेलो. मागे बघितलं नाही. मागे बघितलं तर पोरं ओळखतात की आई नाटक करतेय.

भिंतीला लागून आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजायला लागले. सतराव्या आकड्याला आतून आवाज आला.

सर्र... सर्र...

"आली बघा," मी हसून म्हणाले आणि दार ढकललं.

बाक रिकामं होतं.

बाकाखाली तिचे बूट तसेच होते. कोट खुंटीवर तसाच.

मी फोन काढून वेळ बघितली. चार वाजून सात मिनिटं. बसला वेळ आहे, असं मनात आल्याचं मला आठवतं. घाबरले नव्हते अजून.

"इरा. पुरे आता."



बाजूच्या दालनात गेले. नाही. त्याच्या पुढच्या. नाही. हाका ऐकून फ्राऊ नोआक खाली आल्या, म्हणाल्या मुलं लपतातच इथे, आणि समोरचं फाटक बघायला गेल्या. सासूबाई बाकापाशी थांबल्या, इकडून आली तर सापडावी म्हणून.

तिसऱ्या दालनात मी थांबले. फुलाफुलांचा कागद हातभर उघडा होता. फ्राऊ नोआकनी तो माझ्यासमोर कुलूप लावून बंद केला होता.

आतून... अगदी आतून...

सर्र... सर्र...

मी शिरले. कुठली आई शिरणार नाही?

दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. तिरकं होऊन चालावं लागत होतं. फोनचा दिवा लावला. विटा, जळमटं, काजळी. एक वळण. पहिल्या शेगडीचं लोखंडी तोंड. मी आधाराला त्यावर हात टेकला आणि झटकन काढला.

ते गरम होतं.

या शेगड्या सत्तर वर्षांत पेटल्या नाहीत, असं फ्राऊ नोआक तासाभरापूर्वीच म्हणाल्या होत्या.

आवाज पुढेच होता. एक वळण, अजून एक. मग आवाज अचानक थांबला आणि माझ्या दिव्यात इरा दिसली. दुसऱ्या शेगडीपुढे उकिडवी बसलेली. हात कोपरापर्यंत काळे.

"बाळा," मी म्हणाले. "चल. घरी जाऊ."

ती माझ्याकडे बघेना. "इश डार्फ निश्ट," ती म्हणाली. मला परवानगी नाही.

"कुणाची परवानगी? मी आई आहे तुझी."

मग तिने बघितलं. चिडलेली नव्हती, घाबरलेली नव्हती. सहा वर्षांच्या पोरीचा चेहरा इतका समजूतदार असू नये. ती जर्मनमध्ये म्हणाली, "तूच तर सांगितलंस, मामा. इथेच राहा म्हणून."

मी तिला उचलून कडेवर घ्यायला गेले, जागाच नव्हती. मग हात धरून ओढत मागे निघाले. एक वळण, दोन वळणं. दार यायला हवं होतं तिथे विटांची भिंत होती.

मी भिंत चाचपली. ढकलली. लाथा मारल्या.

ठीक आहे, वळण चुकलं असेल. मी आर्किटेक्ट आहे, नकाशा डोक्यात असतो माझ्या. पुन्हा मागे गेले. शेगडी. वळण. शेगडी. त्या शेगडीच्या तोंडाशी माझा हातमोजा पडलेला होता. मघाशी पडला असणार. पुढे गेले. वळण, वळण, शेगडी.

पुन्हा माझा हातमोजा.

चार वेळा फिरले असेन. प्रत्येक वेळी जागा थोडी अरुंद वाटत होती. फोनला रेंज नाही. वेळ बघितली. चार वाजून सात मिनिटं. मी म्हटलं फोन अडकलाय. तेवढ्यात इराने माझ्या हातातून हात सोडवला आणि पुन्हा शेगडीपुढे जाऊन बसली, शाळेची घंटा झाल्यावर मुलं जागेवर जाऊन बसतात तशी.

आणि ती इथे बसलेली असताना...

पुढच्या वळणापलीकडे...

सर्र... सर्र... जरा लांब. आणखी लांब. मग लांब कुठेतरी एक दार उघडल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

तेव्हा मला माणसांचा आवाज ऐकू आला. भिंतीच्या पलीकडून, माझ्या कानापासून हातभर अंतरावर. फ्राऊ नोआक. "त्या दोघी बाहेर बाजारात गेल्या असतील," असं त्या जर्मनमध्ये म्हणत होत्या.

"आई," मी ओरडले. "आई, आम्ही इथे आहोत. भिंतीत आहोत."

पलीकडे काहीच फरक पडला नाही. मी मुठी आपटल्या. हाताची सालटी निघाली. फ्राऊ नोआक शांतपणे बोलत होत्या, बटणं टक टक बंद करत होत्या. दिवे एकेक करून जात असणार. मी भिंतीला गाल लावून रडायला लागले. इतकी माझ्या बाळंतपणातही रडले नव्हते. माझ्याच तोंडाने मी माझ्या पोरीला देऊन टाकलं होतं, आणि आता कितीही मागितलं तरी ती परत मिळत नव्हती.

मग सासूबाईंचा आवाज. त्यांना जर्मन येत नाही, फ्राऊ नोआकना मराठी येत नाही. तरी त्या बोलत होत्या, आणि फ्राऊ नोआकशी बोलत नव्हत्या.

"हे बघा," सासूबाई म्हणाल्या. सांगलीत दूधवाल्याला सुनावतात त्याच आवाजात. "सून माझी तोंडाळ आहे. मनात तसलं काही नसतं तिच्या. आणि पोर लहान आहे, तिला साधी काडीसुद्धा ओढता येत नाही. तिला घेऊन काय करणार तुम्ही?"

लाकूड करकरलं. कुणीतरी बाकावर बसलं होतं.

"आई, नको," मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले का? म्हणाले असेन. मोठ्याने नसेन म्हणाले.

"चूल पेटवण्यात माझा जन्म गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "मला सगळं येतं. मी बसते इथे. मी राहते. तिला जाऊ दे."

माझ्या पाठीमागे... अगदी हलकेच...

खट.

मागे दार होतं. कागदाचं, फुलाफुलांचं, हातभर उघडं.

इरा एकदम रडायला लागली. साधं, लहान मुलाचं रडणं. मी तिला काखोटीला मारली आणि धावले.

सासूबाई अंधारात बाकावर बसल्या होत्या. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. नजर दारावर.

"आई, उठा. चला."

त्या उठल्या नाहीत. मी दंड धरून हलवलं तेव्हा माझ्याकडे बघितलं, जरा वेळ लागला ओळखायला, मग म्हणाल्या, "चला." आणि उठून आल्या. मला इतकं हायसं वाटलं की त्यांच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

दाराशी फ्राऊ नोआक पेटीतले सपाते मोजत होत्या. इराचे मी काढून दिले. त्यांनी मोजले. पुन्हा मोजले.

"तेवीस," त्या म्हणाल्या. "एक जोड कमी आहे."

मी सासूबाईंच्या पायांकडे बघितलं. त्यांच्या पायांत त्यांचे स्वतःचे बूट होते, नुसतेच.

"आई, सपाते कुठे काढलेत?"

"मी नाही काढले," सासूबाई म्हणाल्या.

फ्राऊ नोआकनी माझ्याकडे बघितलं, इराच्या काळ्या हातांकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागच्या बाकाकडे बघितलं. बराच वेळ. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी पेटी बंद केली आणि दार उघडून धरलं.

"दोघी नीट घरी पोचा," त्या म्हणाल्या.

दोघी.

आम्ही तिघी होतो. मला वाटलं, गडबडीत चुकून म्हणाल्या.

बाहेर बाजाराच्या दिव्यांत बर्फ चकाकत होता. त्या बुटक्या दारापासून रस्त्यापर्यंत लहान पावलं उमटली होती. एकट्याची. अनवाणी. बाहेर जाणारी होती, परत येणारी एकही नव्हती. इरा अनवाणी नव्हती. मी तिचा चेहरा माझ्या कोटात दाबला आणि चालत राहिले.

बस मिळाली. कशी ते विचारू नका. घड्याळात चार चाळीसच वाजले होते.

सिद्धांतला मी सांगितलं की इरा थोडा वेळ हरवली होती. बाकीचं सांगितलं नाही. सासूबाईंनीही काही काढलं नाही.

त्या रात्री मी गरम वरणभात केला. सासूबाई इराच्या समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. इराने दोन घास खाल्ले आणि दाराकडे बघत जर्मनमध्ये विचारलं, "आजी घरी कधी येणार?"

सिद्धांत हसला. "अगं वेडे, ही काय आजी."

इराने सासूबाईंकडे बघितलं. ओळखीच्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा दाराकडे वळली.

सासूबाई खाली मान घालून भात कालवत राहिल्या. तो भात त्यांनी तोंडात घातलेला मला दिसला नाही.

पुढचे तीन आठवडे त्या आमच्याकडे होत्या. काही वावगं केलं नाही. उठायच्या, अंघोळ करायच्या, टीव्ही बघायच्या. फक्त हिटरला चिकटून बसायच्या आणि हात दिवसभर गार. पर्समधली सुंठवड्याची डबी मी शोधली, ती नव्हती. आणि एक गोष्ट. मी मुद्दाम करून बघितलं. एकदा दूध उतू गेलं तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "जळो मेलं हे घर."

स्वयंपाकघरात त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

काही म्हणाल्या नाहीत.

डिसेंबरअखेर त्या सांगलीला परतल्या, माझ्या दिरांकडे. २०१६ मध्ये मी हट्ट करून सिद्धांतला ड्युसेलडॉर्फला नोकरी घ्यायला लावली. त्या घरापासून जितकं लांब जाता येईल तितकं.

फोन मात्र इथेही येतो. दर रविवारी.

पहिल्या रविवारी, जानेवारी २०१५ मध्ये, मी नेहमीसारखी म्हणाले, "कशा आहात, आई?" आणि पलीकडून...

सर्र... सर्र...

दिरांच्या घरी शहाबादी फरशी आहे. तिथे सगळे अनवाणी चालतात.

"आई?"

"लाकडं ओली आहेत गं," सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच. तोच, दूधवाल्याला सुनावणारा, मी तीन आठवडे न ऐकलेला. पण दमलेला. "धूर फार होतो. न्यायला कधी येतेस?"

मी फोन कानावरून काढला. तेव्हा वेळ बघितली. चार वाजून सात मिनिटं.

लगेच दिरांना फोन लावला. ते म्हणाले, आई? आई तर झोपलीय समोर. तिने कुठे फोन केला?

त्याला आता चार वर्षं झाली. सासूबाई सांगलीत आहेत, तब्येत ठणठणीत. डॉक्टर म्हणतात या वयात इतकी शांत बाई बघितली नाही. सणाला मी व्हिडिओवर वाकून नमस्कार करते, त्या हात वर करतात, बोलत नाहीत.

मला नियम माहीत आहे. फ्राऊ नोआकनी तो मलाच सांगितला होता. दुसरं कुणीतरी बाकावर जाऊन बसल्याशिवाय पहिल्याची सुटका नाही. दुसरं कोण? बसायला हवं होतं मीच. बोलले मी होते.

किती वेळा मी तिकीट बघितलं. किती वेळा म्हटलं, इरा जरा मोठी होऊ दे. आधी म्हटलं दहा वर्षांची होऊ दे. झाली. आता म्हणते शाळा संपू दे.

आणि दर रविवारी फोन उचलून मी एकच वाक्य बोलते. "येते हं, आई. लवकरच येते."

त्या म्हणतात, "बरं." त्या विश्वास ठेवतात. ते मला सहन होत नाही.

गेल्या रविवारी फोन ठेवून मागे वळले तर इरा दारात उभी होती. त्या दिवसातलं तिला काही आठवत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. अकरा वर्षांची झालीय आता. तिने माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत बोलली.

"तू आजीशी खोटं का बोलतेस?"

एवढं विचारून ती तिच्या खोलीत निघून गेली. परवा तिच्या वहीत मला ड्रेस्डेनहून पूर्वेला जाणाऱ्या ट्रेनचं वेळापत्रक सापडलं.

मी ते फाडून टाकलं. पण पाठ झालं असेल तिला, हुशार आहे ती.

आज रविवार आहे. इरा बाहेरच्या खोलीत बूट घालून बसलीय. कुठे जायचंय विचारलं तर बुटांच्या नाड्या आणखी आवळते. चार वाजायला पाच मिनिटं आहेत.